इंडियाना जोन्सच्या फिगर: टोपी जमली की अर्धं काम झालं

गढीवरचा

नमस्कार मंडळी,

सुपरहिरोंच्या फिगरवर (म्हणजे पात्रांच्या खेळण्यातल्या छोट्या पुतळ्यांवर) इथे उदंड धागे आहेत, स्टार वॉर्सवाल्यांनी तर स्वतःचा मठच थाटलाय. पुराणवस्तू शोधत हिंडणारा सिनेमातला इंडियाना जोन्स मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही, म्हणून हा प्रपंच. विषय १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'पुरता. पुढच्या भागांवरून प्रतिसादांत हाणामारी करायला मोकळीक आहे.

माझा निकष आधीच सांगतो, म्हणजे भांडण सोपं जाईल. इंडीची फिगर हातात आली की मी चेहरा सगळ्यात शेवटी बघतो. आधी टोपी, मग चाबूक, मग खांद्यावरची पिशवी. कारण चित्रपटच त्याची ओळख त्या क्रमाने करून देतो. जंगलातून माणसं चाललीत, पुढच्याची फक्त पाठ आणि टोपी दिसते. मागचा एक जण पिस्तूल उपसतो, चाबकाचा फटकारा बसतो, पिस्तूल उडतं, आणि मग कुठे हॅरिसन फोर्डचं तोंड उजेडात येतं. ज्या शिल्पकाराला हे कळलं त्याची फिगर जमते. नाही कळलं तर टोपी घातलेला कुणीतरी वनाधिकारी हाती लागतो.

ती टोपीही साधी नाही. वेशभूषाकार डेबोरा नाडूलमन यांनी ती लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या टोपीवाल्यांकडून घेतली. पहिल्या चित्रपटात ती डोक्यावर किंचित फिरवून बसवल्यासारखी दिसते. वरची चिमट आणि खालची कड एका रेषेत नाहीत, कड पुढे झुकलेली. पुढच्या भागांत ती बरीच सरळसोट झाली. त्यामुळे डब्यावर 'रेडर्स' छापलंय आणि आत तिसऱ्या भागातली टोपी, असले प्रकार माझ्या डोळ्यांना लगेच खुपतात.

आता एकेक मालिका.

केनर, १९८२-८३. अमेरिकेतल्या सिनसिनाटीची ही कंपनी तेव्हा स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची फिगरवर मालामाल झालेली. त्याच मापात त्यांनी इंडी काढला. पहिल्या खेपेला चौघं होते: इंडी, नायिका मॅरियन, तो काळ्या कोटातला नाझी टोट आणि कैरोचा तलवारबहाद्दर. गंमत बघा, तलवारबहाद्दर पडद्यावर येतो, तलवार गरगर फिरवतो, एका गोळीत आडवा होतो, आणि खेळण्यांच्या दुनियेत इंडीच्या दोस्ताच्या, साल्लाच्या, आधी नंबर लावून बसतो! साल्ला, इंडीचा प्रतिस्पर्धी बेलॉक, जर्मन गणवेशातला इंडी आणि जर्मन मेकॅनिक दुसऱ्या खेपेला आले. पुरोहिताच्या झग्यातला बेलॉक टपालाने मागवायचा होता. शिवाय बारा इंची इंडी, वाळवंटातला ट्रक, घोडा, आणि मॅप रूम, वेल ऑफ सोल्स, कैरोचा बाजार हे चित्रपटातल्या जागांचे खेळसंच. एवढ्यावर मालिका आटोपली.

आजच्या डोळ्यांनी बघितलं तर केनरचा इंडी ओबडधोबड आहे. टोपी डोक्यासकट एकाच साच्यात ओतलेली. चेहरा फोर्डचा म्हटलं तर फोर्डचा, नाहीतर कुणाचाही. पण हाताला स्प्रिंग आहे. हात मागे ओढून सोडला की चाबकाचा फटका बसतो. बस! चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना या पात्राचा गाभा कळला होता, असं माझं ठाम मत आहे.

हॅस्ब्रो, २००८. चौथ्या चित्रपटाच्या निमित्ताने पुन्हा पावणेचार इंची, पण सांधे भरपूर. प्रत्येकासोबत छोटी पेटी आणि तिच्यात दडवलेली एखादी पुराणवस्तू, ही कल्पना मला फार आवडली होती. टोपी काढता येते. इथेच गोची आहे. काढता येणारी टोपी या मापात केसांवरून जाण्याइतकी मोठी करावी लागते, मग ती घमेल्यासारखी दिसते. टोपी काढून हातात दिली तर माणूस देखणा, डोक्यावर ठेवली की विनोदी.

हॅस्ब्रो, २०२३. पाचव्या चित्रपटाच्या वर्षी सहा इंची 'अ‍ॅडव्हेंचर सिरीज' आली. पहिल्या चित्रपटाच्या संचात इंडी, मॅरियन, साल्ला, बेलॉक आणि टोट. प्रत्येकाच्या डब्यात आर्कचा, म्हणजे चित्रपटातल्या त्या पवित्र पेटीचा, एकेक भाग. सगळे घेतले की आर्क पूर्ण. म्हणजे ज्या वस्तूसाठी चित्रपटात सगळे एकमेकांच्या जिवावर उठतात, तिच्यासाठी आपणही खिसा रिकामा करायचा. धूर्त आहेत लेकाचे. यात कडेचा झोक छान पकडलाय. पिशवीचा पट्टा छातीवरून तिरका बसतो, अधांतरी राहत नाही. चाबूक या मापाला बरा. चेहरा समोरून ठीक, पण बाजूने बघा: जबडा आणि नाकाची रेघ बरोबर उतरली आहे. इंडी बाजूनेच बघायचा असतो.

त्याच वर्षी केनरच्या जुन्या धर्तीवर 'रेट्रो' मालिकाही आली, कार्डावर केनरच्या चिन्हासकट. आठवणींसाठी ठीक.

हॉट टॉइज डीएक्स०५. तीस सेंटिमीटर उंच, खऱ्या कापडाचे कपडे, बुबुळं फिरवता येतात. किमतीबद्दल बोलत नाही, घरचेही हा धागा वाचतात.

लिहा आता तुमची मतं.

चिंचगूळ

वाखुसा (वाचनखूण साठवली)! मस्त लिहिलंय. मुलाला (वय ९) हा चित्रपट दाखवला तेव्हापासून घरात दोरीचे चाबूक चाललेत. एकच घ्यायची तर कुठली घ्यावी? खेळून मोडली तरी हळहळ वाटायला नको अशी सांगा.

ओहायोचा_पाहुणा

गढीवरचा, सुरुवात झकास. मी केनरच्याच राज्यात, ओहायोत राहतो, त्यामुळे थोडी भर.

पहिल्या चौघांत आज सगळ्यात महाग कोण? मॅरियन. पांढरा कापडी झगा आणि सोबत माकड. झगा मळतो, फाटतो. माकड एवढंसं, सोफ्याखाली गेलं की गेलंच. दोन्ही शाबूत असलेली लूज (डब्याबाहेरची, सुटी) मॅरियन दिसली की इथले लोक आधी विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, त्याला तिची किंमत ठाऊक आहे का ते. नुसती मॅरियन, अंगावर झगा नसलेली, पेटाऱ्यांच्या तळाशी बरेचदा सापडते. तिला बघून कुणाला ओळखही पटत नाही.

बाजारात नकली जोडसामान अमाप आहे, विशेषतः चाबूक, पिस्तुलं आणि झगा. रिप्रो (असा नकली माल) ओळखण्यासाठी लोक पाण्यात तरंगवून बघतात, ते स्टार वॉर्सच्या हत्यारांवरून आलंय. एकट्या त्या परीक्षेवर जाऊ नका. मी काय करतो, वस्तू तिरकी धरून साच्याची शिवण बघतो. जुन्या मालाची शिवण बारीक, कडा टोकदार. नकली माल अस्सल वस्तूवरूनच साचा घेऊन ओततात, त्यामुळे तो कणभर लहान निघतो आणि बारकावे साबण झिजल्यासारखे गुळगुळीत होतात. पिस्तुलाचा चाप आणि मधली फट नखाने चाचपून बघा, बहुतेक वेळा तिथेच सोंग उघडं पडतं.

जाता जाता: केनरच्या कार्डांवर 'जर्मन मेकॅनिक', 'जर्मन गणवेशातला इंडी' असंच लिहिलेलं आहे, 'नाझी' नाव कुठेच नाही. मुलांच्या खेळण्यावर तो शब्द कोण छापणार म्हणा.

तिरकस

धागा चांगला आहे, निकष साफ अमान्य. चेहरा शेवटी बघायचा? मग टोपी-चाबूक घालून मी उभा राहिलो तर मीही इंडी? (बायको म्हणते वनाधिकारीसुद्धा नाही.)

फोर्डचं सगळं काम चेहऱ्यावर आहे. दगडी गोळा मागे लागल्यावर जी भंबेरी उडते, विमानात मांडीवर साप सापडल्यावर जी गाळण उडते, ती टोपीने होत नाही. हा नायक घाबरतो, मार खातो, दमतो. म्हणून तो इतर दणकट नायकांपेक्षा वेगळा. करारी चेहऱ्याच्या फिगर काढून सगळ्या कंपन्यांनी त्याचा पोलिसपाटील केलाय. मला घाबरलेला इंडी हवा. तो हॉट टॉइजवालाच देऊ शकतो, कारण बुबुळं खाली सापांकडे वळवता येतात.

गढीवरचा

@तिरकस, मुद्दा बिनतोड आहे, पण माप विसरताय. पावणेचार इंचात चेहरा वाटाण्याएवढा असतो. वाटाण्यावर घाबरणं रंगवायला गेलं तर दातदुखी दिसते. तिथे बाह्यरेषाच कामाला येते. तीस सेंटिमीटरच्या गोष्टी वेगळ्या, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

@ओहायोचा_पाहुणा, शिवणीचं फार कामाचं सांगितलंत. ते माकड चित्रपटात हात उंचावून नाझी सलाम ठोकतं आणि शेवटी विषारी खजूर खाऊन मरतं. असलं पात्र पोरांना खेळायला दिलं, धन्य त्या कंपनीची.

नाट्यवेडी

विषय पहिल्या भागापुरता म्हणालात, तरी घुसखोरी करते. दुसऱ्या भागातला अमरीश पुरींचा खलनायक मोलाराम!

१९८४ च्या दुसऱ्या भागाच्या फिगर केनरने काढल्याच नाहीत, त्या एलजेएन नावाच्या कंपनीने काढल्या. फक्त तिघं: इंडी, ठगांचा धिप्पाड पहारेकरी आणि मोलाराम. म्हणजे आपल्या अमरीश पुरींचं खेळणं ८४ सालीच अमेरिकेतल्या दुकानांत लटकत होतं. सत्यदेव दुबेंच्या तालमीत घडलेला नट, 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या मराठी चित्रपटात काम केलेला माणूस, आणि त्याचा प्लास्टिकचा पुतळा! २००८ मध्ये हॅस्ब्रोनेही मोलाराम काढला, शिंगांच्या मुकुटासकट. माझ्या कपाटात तो एकटाच आहे, इंडी नाहीच. भेटायला येणारे विचारतात, हा कोण राक्षस. मी सांगते, आमच्या रंगभूमीवरचे आहेत, नमस्कार करा.

तिरकस

@नाट्यवेडी, नमस्कार पुरींना, चित्रपटाला नाही. ताटात माकडाचा मेंदू, भुंगे, सापाच्या पोटातून पिल्लं... आपल्या सरकारने चित्रीकरणाला परवानगी नाकारली, मग सगळा लवाजमा श्रीलंकेत कँडीकडे गेला. खेड्यातली माणसं बोलतात ती भाषासुद्धा सिंहली. अशा चित्रपटाची आठवण कपाटात ठेवायची?

नाट्यवेडी

चित्रपट कसा आहे ते मला नका सांगू, चारदा चिडून बघितलाय. पण पुरी त्यात जे करतात ते बघा. संवाद नसले तरी नुसत्या डोळ्यांवर सगळा पट खेचून नेतात. त्या भूमिकेसाठी डोकं तासलं आणि पुढे तेच रूप त्यांनी ठेवलं. भडक लिहिलेल्या खलनायकाला एवढं वजन देणं खायचं काम नाही. मी नट जपते, कथा नाही. आणि तुमच्या तलवारबहाद्दराचं काय? तोही कैरोच्या बाजारातला नाही, टेरी रिचर्ड्स नावाचा इंग्रज स्टंटमन आहे. ट्युनिशियात काळे कपडे घालून उभा केलेला.

गढीवरचा

तो प्रसंग मुळात चाबूक विरुद्ध तलवार अशी लांबलचक मारामारी होता. फोर्डचं पोट बिघडलेलं, उभं राहवेना, म्हणून एका गोळीत उरकलं. रिचर्ड्सने तलवारीचा केलेला सराव वाया गेला बिचाऱ्याचा. पण केनरच्या फिगरमध्ये त्याचा तलवार उपसणारा हात अजून चालतो, म्हणजे खेळताना तरी ती मारामारी पूर्ण करता येते. मोलारामबद्दल भांडण चालू राहू द्या, मला दोन्ही बाजू पटतायत.

म्हापशेकार

मध्येच एक आपल्याकडचं. पावणेचार इंची म्हटलं की माझ्यासारख्याला फनस्कूलचे जी. आय. जो (सैनिकांच्या फिगर) आठवतात. हॅस्ब्रोचा परवाना घेऊन इथेच बनायचे. फनस्कूलचा कारखाना आमच्या गोव्यात आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मूळ अमेरिकन रंग सोडून भलतेच रंग दिलेले, आणि त्यासाठीच परदेशी संग्राहक आज ते शोधत असतात. लहानपणी आम्ही त्यातल्याच एकाला कागदाची टोपी चिकटवून इंडी करायचो. इंडी दुकानात कधी दिसलाच नाही.

आता प्रश्न. माझ्याकडे २००८ चा इंडी आहे. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्याचा चाबूक चिकट होतो, हाताला गोंद लागल्यासारखा. पुसला की चार दिवस बरा, पुन्हा तेच. काय करू?

प्रयोगशाळा

@म्हापशेकार, हा रोग जुना आहे. मऊ पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. वर्षांगणिक ते पृष्ठभागावर येतं, उष्णता आणि बंद डबा मिळाला की जोरात. दमट हवेत त्यावर धूळ बसते आणि राप चढतो. उपाय साधे आहेत. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. मग सावलीत पूर्ण कोरडा. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, रंग जाईल. हवाबंद पिशवीत कोंडू नका, बाहेर आलेलं तेल आतच राहतं.

त्याहून महत्त्वाचं: चाबूक फिगरच्या अंगाला गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवू नका. तेच तेल कडक प्लास्टिकला आणि रंगाला खातं. एका मित्राच्या इंडीच्या मांडीवर चाबकाच्या विणीचा हुबेहूब ठसा उठलाय, जणू भाजलंय. मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा. तलवार किंवा बंदूक वाकली असेल तर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात थोडा वेळ धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. आकार टिकतो.

दुपारची_झोप

ठसा म्हटल्यावर टोट आठवला. काठीवर बसवायचं तापलेलं पदक उचलतो आणि तळहातावर नक्षी उमटते, तीच नाझी लोक नकाशा म्हणून वापरतात, पण एकाच बाजूची. म्हणून ते चुकीच्या जागी खणत बसतात. अख्ख्या कथेचा खिळा त्या तळहातात आहे.

माझ्या मते या सगळ्या मालिकांमधली सर्वोत्तम फिगर टोटची. वाळवंटात काळा कोट, काळी टोपी, गोल चष्मा, घामेजलेला गोरा चेहरा. रोनल्ड लेसीने काय रंगवलाय! साखळीसारखं भयंकर काहीतरी बाहेर काढतो, सगळ्यांचा श्वास अडकतो, आणि त्याचा होतो कोट अडकवायचा हँगर. त्याचं शेवटचं वितळणं म्हणजे दगडी कवटीवर जिलेटिनचे थर देऊन हीटरने वितळवलेले आणि कमी वेगाने चित्रित केलेले, म्हणून पडद्यावर ते झरझर ओघळताना दिसतात. ते कुठल्या फिगरमध्ये आलं नाही तरी चालेल. जेवणाच्या टेबलाजवळ माझं कपाट आहे.



पोर्टर

किंमत कुणीच बोलत नाहीये, मी बोलतो. बाहेरून मागवणार असाल तर आधी हिशेब करा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून जे काही येतं ते त्यात मोडतं. डब्यावर 'वय वर्षे चार आणि पुढे' छापलं असेल तर तुम्ही चाळिशीचे आहात हा युक्तिवाद कुणी ऐकत नाही. माझं एक पार्सल असंच लटकलं, शेवटी आलं तिथे परत गेलं. शुल्काचे दर दर अर्थसंकल्पात हलतात, तेव्हा मागवायच्या दिवशीचा दर बघा. नाहीतर ओहायोच्या पाहुण्यांसारखं कुणी सुट्टीत येणारं गाठा आणि डबा मोडून फिगर कपड्यांत गुंडाळून आणायला सांगा.

ओहायोचा_पाहुणा

झालं! आता बॅगेत भाजणी न्यायची की इंडी आणायचा असा प्रश्न पडणार. आणीन, पण लूजच. कार्डेड (मूळ कार्डावर बंद असलेला) माल सामानात चेपतो आणि मग शिव्या मला.

चिंचगूळ

माझ्या प्रश्नाचं काय? मुलगा रोज विचारतोय.

गढीवरचा

@चिंचगूळ, माफ करा, मोलारामच्या नादात राहून गेलं. नऊ वर्षांच्या मुलाला रेट्रोवाला पावणेचार इंची द्या. सांधे कमी म्हणजे मोडायच्या जागा कमी, खिशात मावतो, जमिनीवर आपटला तरी फारसं काही होत नाही. सहा इंचीचे गुडघे-कोपरे नाजूक असतात, ते त्याला अजून चार-पाच वर्षांनी. मिळाला नाही तर म्हापशेकारांची कागदाची टोपी आहेच. फक्त कड पुढे झुकवा आणि वरची चिमट किंचित तिरकी काढा.

@तिरकस, घाबरलेल्या इंडीचा फोटो टाका, बुबुळं खाली वळवून. बघू पटतंय का.

तिरकस

टाकतो रविवारी. साप रबरी आहेत, जत्रेतले, जरा मोठे आहेत मापाला.